माळावरची मोपेड

आमच्या घरात ग्लायडर आणलं ह्यांनी आणि पळायची पाळी आली माझ्यावर.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पन्नाशीच्या तोंडावर हा नाद लागला. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते तपासणी विभागात आहेत. दिवसभर लोखंडाचे भाग मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन थर्माकोल कापायचा, असं सुरू झालं. हॉलमधल्या दिवाणावर माणसापेक्षा लांब पंख वाळत पडलेले असायचे. पाहुणे आले की आधी पंख उचलायचे, मग त्यांना बसा म्हणायचं.

ग्लायडरला इंजिन नसतं. ते पतंगासारखं दोरीनं ओढून वर चढवावं लागतं. त्याच्या पोटाखाली एक हुक असतो, त्यात दोरीची कडी अडकवायची आणि दोरीचं दुसरं टोक धरून कुणीतरी वाऱ्याच्या तोंडावर जोरात पळायचं. ग्लायडर डोक्यावर चढलं की दोरी सैल पडते, कडी निसटते आणि मग ते रिमोटवर तरंगत राहतं. रिमोट ह्यांच्या हातात. त्यामुळं ‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते सांगायला नको.

आमचं सासर गडमुडशिंगीचं. तिथं शेत आहे, मोकळी जागा आहे, पण विमानतळ अगदी शेजारी, तेव्हा तिथं असलं काही उडवायचं नाही हे ह्यांनी आधीच ठरवलं होतं. लहानपणी विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून तासन् तास विमानाची वाट बघणारा हा माणूस. त्याबाबतीत फार शिस्तीचे. मग आक्काचं गाव आठवलं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. ती बिद्रीच्या अलीकडं एका खेड्यात दिलेली. तिच्या घरामागं चढ चढून गेलं की लांबलचक माळ लागतो. गवत, मुरूम आणि शेरडं, एवढंच तिथं. खाली उसाची रानं आणि लांब साखर कारखान्याची चिमणी. हंगामात त्या चिमणीचा धूर बघून वारा कुठला ते कळायचं. आम्ही निघायच्या आधी फोन करायचो आणि आक्का दारातून बघून सांगायची, धूर कुणीकडं चाललाय ते.

तर त्या माळावर मी पळायचे. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेली बाई, पायात कॅनव्हासचे बूट, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली, हातात दोरी. मागं बघत पळायचं असतं, कारण ग्लायडर कुठं आहे ते कळायला पाहिजे. एका रविवारी अशीच मागं बघत पळताना मुरमाच्या ढिगाला पाय लागला आणि मी सपशेल आडवी झाले. गुडघा फुटला. ग्लायडर माझ्यापासून थोड्या अंतरावर अलगद उतरलं. हे पळत आले आणि आधी वाकले ते ग्लायडरकडं. नंतर त्यांनी कितीही शपथा घेतल्या तरी मी ते डोळ्यांनी बघितलंय.

गाडीत बसल्यावर मी सांगून टाकलं, “ह्यापुढं मी पळणार नाही. इंजिन शोधा कुठलं तरी.”

ह्यांनी गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. मग म्हणाले, “इंजिन हाय की आपल्याकडं.”

मला लगेच कळलं ते कशाबद्दल बोलतायत, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

पोर्चमध्ये ताडपत्रीखाली माझी मोपेड उभी होती. लग्नाआधीची. नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली. गांधी मैदानात माझ्या वडिलांनी कॅरियर धरून मागं पळत पळत मला ती शिकवली होती. मुलाला पुढं उभं करून तिच्यावरून शाळेत सोडलं, आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्यावरूनच डबे पोचवले. नंतर बटणावर सुरू होणाऱ्या नव्या गाड्या आल्या, मीही घेतली, पण हिला भंगारात द्यायला मन झालं नाही. भंगारवाल्याची हाक ऐकू आली की मी बाहेर जाऊन ताडपत्री उगाच नीट करायचे. आणि आता हिचं विंच करायचं होतं. विंच म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र. मोपेड जागेवर पक्की करायची, मागच्या चाकाचा टायर काढून रिमवर दोरी गुंडाळायची, आणि रेस दिली की रिम दोरी ओढून घेणार. ह्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्रात मोपेडला मागचा टायर नव्हता, मडगार्ड नव्हतं, सीट नव्हती.

मी नाही म्हटलं. ह्यांनी हट्ट धरला नाही. नुसते रोज संध्याकाळी पोर्चमध्ये जाऊन बसायला लागले. कार्ब्युरेटर उघडून पेट्रोलनं धुतला, प्लग बदलला, टाकीतला गंज काढला. कापाकापी काहीच नाही. आणि एका संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा बाहेरून आवाज आला. फटफट नव्हे, जरा किनरा, थोडा खोकल्यासारखा. मी कणकेच्या हातानं बाहेर गेले. पोर्च निळ्या धुरानं भरला होता आणि हे त्या धुरात उभं राहून हसत होते.

“एक चक्कर मारून ये,” म्हणाले.

हिचे कागद कधीच संपलेले, त्यामुळं मोठ्या रस्त्यावर न्यायचा प्रश्न नव्हता. गल्लीतच दोन-चार फेऱ्या मारल्या. मूठ पिळली की जरा उशिरा ओढ घ्यायची तिची सवय होती, ती अजून तशीच होती. किती पिळल्यावर किती ओढ येणार हे माझ्या मनगटाला डोक्याच्या आधी आठवलं. परत आले, स्टँडवर लावली आणि म्हटलं, “कापा. पण मूठ माझ्याच हातात राहणार. तुम्ही विमान बघायचं, मी गाडी बघणार.”

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा मात्र मी आत जाऊन कुकर लावला.

विंच आकाराला यायला बरेच रविवार गेले. ह्यांच्या कारखान्यातल्या एका मित्रानं लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून दिली, तिच्यावर मोपेड बोल्टनं बसवली. रिमच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गोल तबकड्या लावल्या, म्हणजे दोरी बाजूला घसरायला नको. पहिल्यांदा मासे धरायची जाड तंगूस वापरली. ती रबरासारखी ताणायची आणि रिमवर स्वतःतच रुतून बसायची, तेव्हा ती सोडून वेणीसारखी विणलेली नायलॉनची दोरी आणली. दोरीच्या टोकाला, कडीच्या जरा अलीकडं, एक छोटी छत्री लागते, म्हणजे सुटलेली दोरी धाडकन न पडता हळूहळू खाली येते. ती मी शिवली. जुन्या पावसाळी छत्रीच्या कापडातून, शिलाई दुहेरी.

एक घोळ कुणाच्याच लक्षात आला नव्हता. दोरी मागच्या चाकावर, म्हणजे ग्लायडर मोपेडच्या मागच्या बाजूला असणार. मी सवयीप्रमाणं हँडल धरून बसले तर माझी पाठ ग्लायडरकडं! पहिल्यांदा बसून बघितलं तेव्हा हे म्हणाले, आरशात बघ. मी फक्त त्यांच्याकडं बघितलं. शेवटी मूठ आणि ब्रेक दोन्ही लांब केबल घालून चौकटीच्या बाजूला आणले आणि माझ्यासाठी तिथं एक लाकडी स्टूल ठेवलं. ब्रेक महत्त्वाचा, कारण रेस सोडली तरी रिम फिरत राहते आणि दोरीचा गुंता होतो.

पहिली चाचणी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर. दोरीला वाळूनं अर्धं भरलेलं पोतं बांधलं. मी मूठ पिळली. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग ते पोतं गवतातून माझ्याकडं असं झेपावत आलं, की जणू त्याला माझ्याशी काही जुना हिशोब चुकता करायचाय. मी ब्रेक दाबला. पोतं माझ्या पायाशी येऊन थांबलं आणि फुटलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

माळावर नेलं तेव्हा थंडी सरत आली होती. टेंपोतून विंच चढवलं, चौकटीच्या चारही कोपऱ्यांना पहारी ठोकल्या. हे ग्लायडर घेऊन माळाच्या दुसऱ्या टोकाला गेले, इतके लांब की त्यांचा शर्ट तेवढा ओळखू यायचा. त्यामुळं बोलायचं फोनवर. फोन माझ्या ओढणीत, कानाशी बांधलेला. आक्का भाकरी घेऊन वर आली होती आणि बाभळीखाली बसून बघत होती.

“ओढ,” फोनमधून आलं. मी मूठ पिळली. दोरी ताणली, ग्लायडर त्यांच्या हातातून सुटलं आणि नाक वर करून चढायला लागलं. मी पळत असताना ते कधी असं चढलं नव्हतं. सरळ, जोरात, पंखांत ऊन घेऊन. मला इतका आनंद झाला की मी थोडी जास्तच रेस दिली असेन. पुन्हा फोनमधून आवाज आला, मोपेडच्या आवाजात अर्धा बुडालेला. “ओढ, ओढ!” मी आणखी पिळली. वर कट्कन आवाज झाला. पंख मधोमध मिटले, वही मिटावी तसे, आणि ग्लायडर दगडासारखं खाली आलं.

ते म्हणाले होते “सोड”.

हे तुकडे गोळा करत आले. मी म्हटलं, तुम्ही ओढ म्हणालात. ते म्हणाले, सोड म्हटलं, दोनदा म्हटलं. मी म्हटलं, मला दोन्ही वेळा ओढ ऐकू आलं. ते म्हणाले, पंख वाकलेले दिसत नव्हते का. मी म्हटलं, माझा चष्मा लांबचा नाही, जवळचा आहे. असं बराच वेळ चाललं. ते तुकडे पाहून खरं तर मला रडू येत होतं. महिनोन्‌महिने दिवाणावर वाळलेले ते पंख मीही उचलून ठेवले होतेच की. पण रडण्यापेक्षा भांडणं सोपं होतं.

आक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. मग भाकरीचं फडकं सोडलं, भाकरीवर मिरचीचा खर्डा ठेवला आणि म्हणाली, “दोघंबी यड्यावानी फोनला वरडतायसा. कान हायत का न्हाईत? पुढच्या खेपंला मी मधी उभारते.”

ह्यांना ते फारसं पटलं नाही. पण आक्काचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला पटेल. ती घराच्या दारातून हाक मारते तेव्हा ओढ्यापलीकडच्या रानातली माणसं मान वर करतात. भावजी, म्हणजे आक्काचे यजमान, हयात होते तेव्हा म्हणायचे, आमच्यात मोबाइल उशिरा आला कारण गरजच नव्हती.

घरी गेल्यावर हे त्या रात्री तुकडे टेबलावर मांडून नुसते बघत बसले. मी चहा दिला. मग म्हणाले, चूक पंखाचीच होती. मधल्या सांध्याला बांबू घातला होता, तिथं ॲल्युमिनियमची नळी पाहिजे होती. आज ना उद्या मोडलाच असता. खरं असेल किंवा नसेल. मी म्हटलं, शब्दही बदलू या. ओढ आणि सोड दोन्ही नकोत. ठरलं असं की ह्यांच्या इशाऱ्यावर आक्कानं हात वर केला की ओढायचं, हात खाली आला की थांबायचं, आणि तोंडानं ‘चल’ आणि ‘बास’.

नवे पंख तयार व्हायला महिना गेला. ह्या वेळी घासकाम मीही केलं. खरकागद फिरवता फिरवता सिरियलचे भाग बघून व्हायचे. कडाक्याचं ऊन सुरू व्हायच्या आत पुन्हा माळावर गेलो. हे त्या टोकाला, मी स्टुलावर आणि बरोबर मधे, दोरीपासून दहा पावलं बाजूला, आक्का. नऊवारीचा ओचा खोचलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, रस्त्यावरच्या हवालदारासारखी.

तिचा हात वर गेला. “चल!” असं तिनं म्हटलं तेव्हा पलीकडची शेरडंही चालायला लागली.

मी मूठ पिळली, पण ह्या वेळी आवेशानं नाही. चढावर डबलसीट घेऊन जाताना पिळावी तशी, जरा जरा, इंजिनाचा आवाज ऐकत. दोरी रिमवर सरसर येत होती. ग्लायडर चढत गेलं, चढत गेलं, आणि आता ते जवळजवळ माझ्या डोक्यावर आलं होतं. “बास!” मी रेस सोडली, ब्रेक दाबला. दोरी ढिली झाली, कडी निसटली आणि काळी छत्री उघडून हळूहळू उतरायला लागली. मी इंजिन बंद केलं.

त्यानंतरची शांतता मला कशी सांगावी ते कळत नाही. ग्लायडर वर होतं आणि त्याला कसलाच आवाज नव्हता. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता तेवढाच. आक्का मान मागं टाकून बघत होती, तोंड उघडं. मी स्टूल सोडून ह्यांच्याकडं चालत गेले. ते रिमोट छातीशी धरून उभे होते, अंगठे अगदी थोडे हलत होते. खालच्या रानात उतरणीला एक गुऱ्हाळ आहे. त्याच्या वर दोन घारी घिरट्या घालत होत्या. ह्यांनी ग्लायडर तिकडं नेलं. घारी वर जातात म्हणजे तिथं गरम हवा वर जात असते, हे मला तोवर पाठ झालं होतं. ग्लायडर त्यांच्या खालून शिरलं, एक घिरटी घेतली, दुसरी घेतली आणि वर जायला लागलं. दोरी नाही, इंजिन नाही, तरी वर. एक घार बाजूला झाली. दुसरी त्याच्याबरोबरच फिरत राहिली.

“धर,” हे म्हणाले आणि रिमोट माझ्या हातात दिला.

मी नको म्हणेपर्यंत तो माझ्या हातात होता. त्यांनी मागून माझ्या अंगठ्यांवर आपले अंगठे ठेवले. डावीकडं थोडं, आता सोडून दे, आता त्याचं त्याला जाऊ दे. मग त्यांनी आपले हात काढून घेतले. मी किती वेळ उडवलं माहीत नाही. मानेला कळ लागली होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते उन्हामुळंच येत होतं असं मी म्हणणार नाही.

उतरवताना मात्र आमचं दोघांचंही गणित चुकलं. वारा वाढला होता, ग्लायडर मागं येईना. हळूहळू खाली खाली जात ते उसाच्या शेंड्यांपलीकडं दिसेनासं झालं. आम्ही तिघं उतरणीनं पळत सुटलो. पळणार नाही म्हणणारी मी सगळ्यांत पुढं होते. उसात पडलं असेल तर आत शिरून शोधायचं म्हणजे हातापायांना पात्यांचे ओरखडे, आणि सापडेलच असं नाही. पण गुऱ्हाळाजवळ पोचलो तर तिथला एक माणूस ग्लायडर दोन्ही हातांवर आडवं धरून, बाळ धरावं तसं, आमच्याकडं येत होता.

“पावणं,” तो ह्यांना म्हणाला, “तुमचं इमान आमच्या चिपाडांत उतारलंया. मोडलं न्हाय काय.”

रस काढून झालेल्या उसाची चिपाडं वाळत घातली होती, त्या गादीवर ते उतरलं होतं. शेपटीला एक ओरखडा, बाकी काही नाही. गुऱ्हाळावरची माणसं काम सोडून भोवती जमली. इंजिन कुठं हाय? पेट्रोल किती लागतं? इंजिनच नाही, असं हे सांगायला लागले तर कुणी विश्वास ठेवेना. पोटाखाली हात घालून बघून झालं. मग आक्कानं विंचची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या सांगण्यात मोपेडचा ट्रक झाला आणि ग्लायडर कारखान्याच्या चिमणीच्या वर गेलं. आम्ही मधे बोललो नाही. काहिलीतला ताजा गूळ त्यांनी पळसाच्या पानांवर दिला, इतका गरम की जिभेला लागू नये म्हणून तोंड उघडं ठेवून खावा लागत होता. हे नेहमी गुळाला नाक मुरडणारे. त्यांनी दोनदा घेतला.

वर माळावर परत आलो तर नवीनच पंचाईत. आम्ही गेल्यावर दोरी तशीच पडलेली, आणि शेरडं तिच्यातून चरत गेलेली. एका करडाच्या गळ्यात छत्री अडकली होती. दुसऱ्या दोघींच्या पायांत दोरीचे वेढे बसले होते. शेरडांची मालकीण तोंडाला पदर लावून हसत उभी होती. आम्ही तिघांनी आणि तिनं मिळून दोरी सोडवायला घेतली. आक्का शेरडांना धरायची, मी गुंता सोडवायचे, हे सुटलेली दोरी कोपरावर गुंडाळत पाठीमागं. सूर्य कलला. दुसऱ्या उड्डाणाचं नाव कुणी काढलं नाही. करडाच्या गळ्यातली छत्री काढली तेव्हा तिची कड त्यानं चावून टाकलेली होती. मालकीण म्हणाली, दुसरी शिवा वैनी, जरा पक्क्या कापडाची शिवा. मी म्हटलं, शिवते. आणि मग आम्ही सगळे गवतात बसून उरलेली भाकरी खाल्ली.